हाताला गार

—नाय गो बाय, तापलेला नाय तो. हा बघ माझा हात, कपाळाला लावला, पोटाला लावला, मानेखाली घातला — कोमट आहे. कोमट म्हणजे माणसाचं पोर असतं तेवढं. तू एवढी धापा टाकत आलीस, पदर एकीकडे, केस एकीकडे, वाटेत कोणाला तुडवलंस की काय देव जाणे — आधी त्या बाकड्यावर बस बघू. त्याला मांडीवर घे, उताणा नको, कुशीवर, हां, मान अशी बाजूला. लाळ आली तर येऊ दे. आकडी थांबलीय ना? थांबलीय. मग झालं तर. आकडी येऊन गेली की पोरं अशी मेल्यासारखी झोपतात — थू थू, जळली माझी जीभ — दमून झोपतात, असं म्हणायचं होतं मला. डॉक्टर पलीकडच्या मोठ्या मांडवात गेलेत, मोठ्या माणसांच्या, तिकडून हाक आली की त्यांना जावंच लागतं. येतील. तोवर या आजारी पोरांच्या मांडवात डॉक्टर मी, आया मी, झाडूवाली मी. सुभद्रा माझं नाव, पण नावाने कोण हाक मारतंय इथे, मावशी म्हण. आणि याचं काय? दगडू? असं होय. कळलं, पुढचं नको सांगूस, आधीची राहिली नाहीत म्हणून दगडू. बरं केलंस. दगड यमालाही उचलायला जड. फक्त एक आहे हो दगडाचं, तापला की लवकर निवत नाही — हस गो जरा, थट्टा करतेय.

काय? पुन्हा माझा हात धरून त्याच्या छातीवर ठेवतेस? ठेव. ठेवला. गारच लागतोय मला तर. तुझ्या हाताला भाजतंय? अगो, आईच्या हाताला पोर नेहमी तापलेलंच लागतं आणि उपाशीच लागतं. मी काय आजची आहे? लोअर परळच्या चाळींत सुईणपण केलंय मी, ही साथ यायच्या आधी, अर्धी चाळ या हातांत पडलीय. हात लावला की सांगायचे — हा दाताचा ताप, हा भिऊन आलेला, हा नुसता आईच्या मनातला. आता हाताचा गर्व करू नये हे खरं, एकदा केला आणि नाक कापून घेतलं. मार्गशीर्षातली गोष्ट. रात्री हौदावर पोरांच्या कपाळावरच्या घड्या पिळून आले, बोटं बर्फासारखी, आणि एकेका पोराला हात लावत सुटले — हा तापलाय, हा पण तापलाय, ही तर फणफणलीय! डॉक्टर जेवण अर्धं टाकून धावत आले. ताप मोजायची ती काचेची काडी लावली. एकालाही ताप नाही. डॉक्टरांनी नुसता माझा हात हातात घेतला, म्हणाले, मावशी, हात गार असला की सगळं जग गरम लागतं, तुमचा हात हातच राहू दे, त्याला थर्मामीटर करू नका. आणि तो मेला गुणाजी, तो दारावर बसलाय ना विडी ओढत, तो महिनाभर मला बघितलं की बोटं अंगरख्यात लपवून कुडकुडून दाखवायचा.

पण आज नाय हो तसं. आज सकाळपासून सगळी पोरं गार आहेत. सांगते ना. ती बघ कोपऱ्यातली मुलगी, रात्री विझत नव्हती, आज कशी गार. मघाशी प्रभादेवीहून एक कोळीण आली तान्हं घेऊन, हिरवं लुगडं, ती बघ बाहेर पिंपळाखाली बसलीय — तीही तुझ्यासारखीच, तापलंय, तापलंय. मी हात लावला, म्हटलं काही नाही बाय, वारा घे जरा, डॉक्टर आले की दाखव, घाई नाही. काडीसुद्धा नाही लावली. मला वाटतं साथ उतरली आता. उतरायलाच हवी, शिमगा तोंडावर आला. ऊन वाढलं की ही गाठीची मरी मरते म्हणतात. ऊन म्हणते, पण मला आज अजून हुडहुडी आहे बघ, ही शाल काढवत नाही अंगावरची. वय झालं. चाळिशीत बाईच्या अंगात कधी जाळ होतो, कधी गारठा, तुला कळेल पुढे.

काडी? लावणार आहे ना, लावणारच, आकडी आलेल्या पोराला काडी चुकत नाही, तो डॉक्टरांचा हुकूमच आहे. पण कुठे लावायची ते बघायला हवं. मोठ्या माणसाला आपलं सोपं, जिभेखाली धर म्हणायचं, गप्प बस म्हणायचं — माणूस गप्प बसतो तेवढाच काय तो त्यात फायदा. लहानांच्या तोंडात नाही घालत आम्ही आता. घातली होती एकदा. चार वर्षांचा होता, म्हटलं समजूतदार आहे, बघ रे, खडीसाखर आहे. माझीच अक्कल! खडीसाखर म्हटल्यावर काय करणार ते? कडाडकन चावलीन, ऊस चावावा तशी. काच तोंडात, रक्त, त्याची आई माझ्या अंगावर, आणि पारा जमिनीवर — टपोरे मोत्यांसारखे दाणे पळतायत, सगळी पोरं ताप विसरून त्यांच्यामागे, आणि गुणाजी झाडू घेऊन पोरांच्या मागे. बोटं घालून काच काढली सगळी, पोराला काही झालं नाही. काडी मात्र गेली. आता ही एकच उरलीय मांडवात, म्हणून मी जपून वापरते. आधी हात लावायचा. हाताला गरम लागलं तर काडी, नाही तर नाही. एवढ्या पोरांना एक काडी कुठे पुरवू मी, आणि दर खेपेला ती कारबोलिकाच्या औषधात बुडवा, पुसा, झटका. डॉक्टरांना नाही आवडत ते. पण ते इथे असतात किती वेळ?

राहिली काख. काखेत लावायला डॉक्टरांची ना नाही, फक्त लहान पोराचा हात घट्ट दाबून धरायला लागतो, आणि हडकुळं पोर असलं की काखेत हवाच खेळते, पारा वर चढतच नाही, आळशी मेला. पण खरी अडचण ती नाही गो. खरी अडचण तुम्ही आया. मी नुसता पोराचा दंड धरला की तुमचे चेहरे पांढरे. कारण गाठ कुठे बघतात? काखेत. नाहीतर जांघेत. स्टेशनात, नाक्यावर, घरात शिरून, ते सरकारी तपासणीवाले पहिल्यांदा दंडच वर करतात. त्यामुळे मी काडी घेऊन वाकले तरी तुम्हाला वाटतं, गाठच चाचपतेय ही, आता पोराला उचलून नेणार. एकीने तर पोराचा हात अंगाला बांधूनच आणला होता, फडक्याने, मोडलाय म्हणाली. मोडला नव्हता. आणि दुसऱ्या शहाण्या असतात, त्या दंड वर करू देतात, काख दाखवतात, आणि काडीत पारा काही वर येत नाही — कारण दाराबाहेर उभं राहून ओल्या पदराने काख पुसून पुसून गार केलेली असते.

बघू हा दंड.

हं.

अगो, अंग सगळं कोरडं ठणठणीत, कपाळ कोरडं, छाती कोरडी, आणि काख तेवढी ओली? घाम पण शहाणा बघ, नेमका तेवढ्याच जागेला आला. आणि त्या पदराच्या टोकातून माझ्या बाकड्यावर पाणी ठिबकतंय ते? राहू दे, राहू दे, झाकू नकोस. मी रागावत नाही. मी रागवायची कोणावर? मला वाईट एवढंच वाटतं की तूच म्हणतेस पोर भाजतंय, आणि तूच त्याची काख गार करतेस. दोन्ही खरं, ना? बरं व्हावं असंही वाटतं आणि कळू नये असंही वाटतं. कळतं मला. आम्हा मांडवात राबणाऱ्या आयांना पण रोज सकाळी कामावर आलं की डॉक्टर काडी लावतात, जिभेखाली, रांगेत उभं करून. आज मी चुकवली. म्हणजे चुकवली असं नाही — घड्या पिळायच्या होत्या, मागच्या बाजूला गेले, तेवढ्यात ते तिकडे गेले. आता एक दिवस नाही लावली तर काय बिघडतं? मी धडधाकट. या दंडात थोडी कळ आहे, ती बादल्यांची. हौद लांब आहे.

काखेला आणि जांघेला गाठ नाहीये बरं याच्या. बघितली मी, तू पाण्याकडे बघत होतीस तेव्हाच. नाही म्हणजे नाही. आता ताप किती ते काखेत कळायचं नाही, ती तू ओली करून ठेवलीस. म्हणजे राहिलं खालून. आता तोंड वाकडं करू नकोस. इथे कोणाला रुचत नाही ते. सासवा तर देव बाटल्यासारखं ओरडतात. पण डॉक्टर म्हणतात एवढ्याशा पोराला खरी जागा तीच, तिथे वारा लागत नाही, चावता येत नाही आणि आईला पुसता येत नाही. हे शेवटचं मी जोडलंय. पाय धर त्याचे. दोन्ही एका हातात, असे वर. हे खोबरेल, टोकाला लावलं. दुखत नाही, तू हलू दिलं नाहीस तर दुखत नाही. मी काडी धरून राहते, सोडायची नाही, हात लावूनच राहायचं, पोराने आखडलं तर आपला हातही त्याच्याबरोबर गेला पाहिजे. हां. गेली. रड रे राजा, रड, रडलास म्हणजे जागा आहेस. बघ, रडतोय! चांगलं आहे ते गो, मघापासून मला त्याचं न रडणंच खुपत होतं.

आता थांबायचं थोडं. तोवर बोलू. मी बोलले नाही तर मला झोप येईल, डोळे नुसते चुरचुरतायत आणि त्या दाराच्या उजेडाकडे बघवत नाही. परवा चाललेय मी. गावी. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट आहे, शिमग्याला. नलू माझी, माझी लेक, साथ आली तशी तिला पुढे पाठवली गर्भार होती म्हणून, तिकडेच बाळंत झाली. मी, अर्ध्या चाळीची सुईण, आणि माझ्या लेकीचं पोर गावच्या कुठल्याशा आंधळ्या म्हातारीने घेतलं हातात. मुलगा आहे. काळा आहे म्हणतात, म्हणजे माझ्यावर गेलाय. कुंची शिवलीय त्याला, ठिपक्यांच्या खणाची, टाके सगळे वाकडे, नलू हसणार मला. डॉक्टरांनी रजा दिली. फक्त धक्क्यावर तपासतात ना — तिथला डॉक्टर नाडी बघतो, काडी लावतो, जरा पारा वर दिसला की बोट नाही, सरळ मांडव. म्हणून म्हटलं दोन दिवस उगाच कशाला — म्हणजे काय, मला काय होणार आहे? माझं अंग कायम गार. घरी सगळे मला माठ म्हणायचे. डोक्यानेही माठ म्हणायचे, ते वेगळं.

झालं असेल. काढते. पाय सोड. शाब्बास रे दगडू.

आता हा पारा बघायचा म्हणजे कसरत. मला आकडे येत नाहीत, पण हा बाण दिसतो का काचेवर, इवलासा, तिथवर पारा असला की माणूस ठीक. आणि पारा एकाच कोनातून दिसतो, नव्या नवरीसारखा, जरा काडी फिरवली की लपला. थांब, लांब धरते, मला जवळचं दिसत नाही. हा बाण. आणि पारा —

हे काय?

थांब, फिरवते. बाण इथे. पारा कुठे? अगो पारा पार वर, इथे, टोकाकडे. असं कसं होईल? मी आत्ता हात लावला ना त्याला. आत्ता. कोमट होता. हा बघ, पुन्हा लावते — कपाळ — गारच लागतंय. तुला कसं लागतंय? डोळे नको वटारू, नीट सांग. भाजतंय. तुला भाजतंय, काडीला भाजतंय, आणि मला गार.

काडी बिघडली असेल. बिघडतात. एकच उरलीय आणि तीही बिघडली, आमचं नशीब. बघूया ना, खरी की खोटी, आत्ता कळेल. झटकली, ही बघ, पारा गेला खाली. झटकली की सगळं पुसलं जातं, काही राहत नाही, मोठी सोय आहे. कारबोलिकात बुडवली. पुसली. आता माझ्या काखेत घालते, मी धडधाकट बाई, पारा बाणावर थांबला तर काडी खरी, माझ्यातही वर चढला तर — तर काडी खोटी. हो ना? तसंच ना. तू त्याच्या कपाळावर ओली घडी ठेव तोवर, छातीवर पण, ओला पदर आता लाव खुशाल, आता त्याचा उपयोग आहे. आई गं. काही नाही, दंड उचलताना. डावा वापरायला हवा होता. आणि त्याचे डोळे बघ गो, लाल झालेत, नाक वाहतंय, खोकत होता का दोन दिवस? कानामागे बघ, केस बाजूला कर. बारीक पुरळ आहे? बोट फिरव, खरखरतंय? मग गोवर असेल बाय. गोवरात ताप असा भडकतो आणि आकडी येते. सगळ्यांनाच काही गाठीचा नसतो, लोक इतर दुखण्यांनी पण आजारी पडतात अजून, विसरलोच आपण. डॉक्टर सांगतील. तू त्यांना आधी कानामागे दाखव. काख पुसलीस तेही सांग. ते ओरडत नाहीत, नुसते बघतात, ते ओरडण्याहून वाईट असतं पण मरत नाही कोणी त्याने.

किती घट्ट धरून बसलेय मी दंड. पोरांना सांगत असते, चिमणी आहे आत, उडून जाईल, धरून ठेव.

बस झालं. काढते.

लांब धरते जरा.

. . .

नाय, काही नाही. काडी खरी आहे.

तू उठ. उठ गो, पोराला घे आणि त्या पलीकडच्या बाकड्यावर जा, दाराजवळच्या. पाणी मीच आणून देते — नाय, नको, मी नाही. घमेलं तिथे आहे, तूच घे, मी हात नाही लावलाय त्या पाण्याला. आणि माझा हात फिरलाय त्याच्या अंगावरून, कपाळावर, पोटावर, त्या बाटलीतलं कारबोलिक पाण्यात घाल चमचाभर, त्याने त्याचं अंग पुसून काढ. तुझे हात पण. माझ्याजवळ येऊ नकोस, सांगते ना! बस तिथेच. तुझा हात खरा होता बाय. कोपऱ्यातल्या त्या मुलीचं अंग तेवढं बघ जाता जाता, तुझ्या हाताने बघ. भाजतंय? हं. मला वाटलंच.

गुणाजी! अरे ए गुणाजी! आत येऊ नकोस, दारातूनच ऐक. ती कोळीण, पिंपळाखालची, हिरवं लुगडं — तिला बोलाव आत. मी म्हणाले काही नाही म्हणून, हो, मीच म्हणाले, आता मीच सांगतेय, तान्ह्याला काडी लावायची राहिलीय. सकाळपासून सगळ्याच पोरांना लावायची राहिलीय. आणि डॉक्टरांना आण. जेवत असले तरी आण. नाय, हात गार नाहीत आज माझे. कुडकुडून दाखवू नकोस रे, आज नको. धाव.

काय बघतेस? रडू नकोस गो, तुझं पोर जागं आहे, गाठ नाही, पाणी पितंय. तू पुसत बस. नाय, ती काडी नको उचलू! त्या ताटलीत राहू दे. मी पण नाही उचलत. एक झटका, की पारा खाली, आणि परवा बोट — मनगटात येतंय बघ, सवयीनेच, किती सोपं आहे ते. तू पाहिलंस ना, तुझ्यासमोर पाहिलंस. मग मला झटकू देऊ नकोस. तशीच पडू दे. डॉक्टर येऊन वाचतील.

आता तोंड फिरव तिकडे, माझा श्वास नको लागायला. पोराकडे बघ. माझ्याशी बोलू नकोस.